शेवटची लीद कधी टाकली?

घोड्याला ओकता येत नाही. त्याची अन्ननलिका जठरात तिरकी शिरते आणि तिथली स्नायूंची वळी इतकी घट्ट असते की आतून दाब वाढला तर ती उघडण्याऐवजी आणखी आवळली जाते. कुत्रं गवत खाऊन ओकतं, मांजर केसांचा गोळा टाकतं, माणूस घशात बोट घालून मोकळा होतो. घोड्याच्या पोटात गेलेलं मात्र पुढेच जायला हवं. पुढची वाट बंद झाली की ते साचतं, आंबतं, फुगतं, आणि वेळेत काही केलं नाही तर जठर फुटतं.

हे मला कळायला चाळीसेक वर्षं लागली. मिरजेला आमच्या आजोळच्या बोळाच्या तोंडाशी एका चाचांचा टांगा असायचा. घोडी पांढरी, नाव चांदणी. दिवसा स्टेशनच्या फेऱ्या आणि लग्नसराईत वरात. अशाच एका वरातीनंतर, दमली बिचारी म्हणून, चाचांनी तिला नेहमीपेक्षा जास्त चंदी घातली. तोबरा भरून भिजवलेले हरभरे. मध्यरात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, परत लोळायची. अंगावर घामाचा फेस. गल्ली जागी झाली आणि ज्याने त्याने आपापलं वैद्यक आणलं. ओवा, हिंग, काळं मीठ, गोडेतेल, सगळं कालवून बांबूच्या नळीने तिच्या घशात ओतलं. मग रात्रभर तिला फिरवली. आम्ही पोरं मागून कंदील घेऊन.

पहाटे गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी तिची हिरडी दाबून पाहिली, कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, खांद्यापर्यंत हात मागून आत घातला. मग विचारलं, "चाचा, हिनं शेवटची लीद कधी टाकली?"

चाचा गप्प. चाची म्हणाल्या परवा. मुलगा म्हणाला, नाही, काल सकाळी मीच उचलली. डॉक्टरांनी हात धुतले. दहाच्या सुमारास चांदणी गेली. त्या वयात मला वाटलं, डॉक्टरांना औषध ठाऊक नव्हतं म्हणून ते भलतंच काही विचारत बसले. घोड्याच्या पोटशूळाबद्दल वाचायला आणि विचारायला लागलो तेव्हा समजलं की तो प्रश्न म्हणजे अर्धं निदान होतं.

घोड्याचं पोट ज्याने रचलं त्याने पळण्याचा विचार आधी केला असावा, पचनाचा नंतर. जठर अंगाच्या मानाने लहान, पंधरा लिटरच्या आत. त्यापुढे वीस मीटरहून लांब लहान आतडं, पडद्यासारख्या पातळ पटलाला लोंबकळणारं. मग मीटरभर लांबीची, तीसेक लिटर मावेल अशी एक बंद पिशवी, तिला अंधनाल म्हणतात. आणि मग मोठं आतडं. ते तीन-चार मीटरच लांब, पण त्यात ऐंशी लिटरच्या आसपास चिखलासारखा चारा मावतो. चार-पाच हंडे भरून. हा सगळा ऐवज पोटात दुहेरी घडी घालून ठेवलेला असतो, आणि बांधलेला असतो तो फक्त एका टोकाला. बाकीचा मोकळा. दावणीला बांधलेलं जनावर जसं दाव्याच्या लांबीएवढं कुठेही फिरतं, तसं हे आतडं पोटात सरकतं, तरंगतं, आणि वायू भरला की उलटतंही.

शिवाय त्या घडीच्या मधोमध, कमरेच्या हाडांजवळ, एक तीव्र वळण आहे. तिथे नळी एकदम अरुंद होते. रुंद रस्त्यावरून भरधाव आलेली वरात बोळात शिरावी तसा चारा त्या वळणावर तुंबतो. पाणी कमी प्यायलं, दात झिजून चारा नीट चावला गेला नाही, किंवा कोरडा कडबाच पोटात गेला, की तिथे बूच बसतं.

अडथळ्याचे हे त्यातल्या त्यात सोसवणारे प्रकार. नाकातून नळी घालून जठरात पाणी आणि क्षार सोडले, शिरेतून सलाइन दिलं, वेदनाशामक दिलं, की बहुतेक घोडे एक-दोन दिवसांत सुटतात. पोटशूळाच्या शंभर घोड्यांपैकी फार थोड्यांना सुरी लागते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून घोडेवाल्यांना झोप लागायची नाही.

सुरी लागते ती पीळ पडल्यावर. मोठं आतडं मुळाशी फिरलं की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो, आणि तीन-चार तासांत आतलं अस्तर मरायला लागतं. नुकत्याच व्यायलेल्या घोड्यांमध्ये हे जास्त दिसतं. गर्भाची जागा रिकामी झालेली असते आणि आतडं त्या मोकळ्या जागेत हिंदकळतं. म्हाताऱ्या घोड्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या आतड्याच्या पटलावर चरबीची गाठ वाढते, तिला देठ फुटतो, आणि एखाद्या दिवशी ती गाठ देठासकट लहान आतड्याभोवती गोफणीसारखी गुंडाळली जाते. गाठ कर्करोगाची नसते, स्वतःहून काही करत नाही. गळफास मात्र पक्का बसतो.

खडे हा तर एक चमत्कारच. घोड्याने एखादा खिळा, खडी, दोरीचा तुकडा गिळला तर त्याभोवती मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे थर चढत जातात. शिंपल्यात मोती वाढतो तसा, पण वाढता वाढता नारळाएवढा. एकटा असेल तर गोल गुळगुळीत, अनेक असतील तर एकमेकांवर घासून सपाट बाजूंचे. वर्षानुवर्षं तो आतड्यात मुकाट पडून राहतो आणि एक दिवस पुढच्या अरुंद नळीत जाऊन अडकतो. कॅलिफोर्नियात हे इतकं होतं की तिथल्या डेव्हिस विद्यापीठाने १९७३ ते १९९६ या काळातल्या अशा ९०० घोड्यांचा अभ्यास छापला. तिकडे घोड्यांना भरपूर लसूणघास घालतात, आणि हे खडे व लसूणघास यांचं नातं आता सर्वमान्य आहे. आपल्याकडेही लसूणघास म्हणजे घोड्याचं पक्वान्न समजतात. पक्वान्न रोज खाऊ नये, एवढंच.

या दुखण्याने राजा-रंक पाहिले नाहीत. इंग्लंडचा एक्लिप्स हा घोडा १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला. १८ शर्यती धावला, एकही हरला नाही. आज जगभरात पळणाऱ्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ त्याच्यापाशी जाऊन थांबते, महालक्ष्मीवर पळणाऱ्यांचीसुद्धा. तो २७ फेब्रुवारी १७८९ रोजी पोटशूळाने मेला. शवविच्छेदनासाठी शार्ल व्हियाल द सँबेल या फ्रेंच पशुवैद्याला बोलावलं. त्याने घोडा उघडला, मोजला, हाडन् हाड नोंदवलं, आणि त्यातून त्याचं इतकं नाव झालं की १७९१ साली लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं तेव्हा प्रमुख म्हणून त्यालाच नेमलं. एक्लिप्सचा सांगाडा आजही त्याच संस्थेकडे आहे. पोट उघडायची विद्या होती, पण मेल्यानंतरची. जिवंतपणी उघडून पुन्हा शिवायला आणखी पावणेदोनशे वर्षं जायची होती.

उशीर का झाला? पोट कापणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं पाचशे किलोच्या जनावराला दोन-तीन तास निजवून परत उभं करणं. घोडा पाठीवर झोपवला की त्याचीच आतडी छातीच्या पडद्यावर रेलतात आणि फुप्फुसं दबतात. स्वतःच्या वजनाखाली त्याचे स्नायू चेंगरतात, रक्तदाब घसरतो. क्लोरोफॉर्म होतं, पण त्यावर एवढं मोठं ऑपरेशन निभणं नशिबावर होतं. १९५६ मध्ये माणसांसाठी आलेलं हॅलोथेन घोड्यांपर्यंत पोचलं, पुढे झायलाझिन आणि केटामिन आलं, आणि साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिका-युरोपातल्या पशुवैद्यक विद्यापीठांत पोटशूळाची शस्त्रक्रिया हळूहळू नेहमीची झाली. तरीसुद्धा २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पोटशूळाचे नसलेले, धडधाकट म्हणून भूल दिलेले घोडेही शंभरात जवळपास एक या प्रमाणात दगावले होते. माणसांच्या भुलेचा कुठलाही डॉक्टर हा आकडा ऐकून उडेल. पोटशूळाच्या घोड्यांत तो त्याहून कितीतरी मोठा.

म्हणून सगळा खेळ थिएटरबाहेर ठरतो. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४०. ती साठच्या पुढे जाऊन तिथेच राहिली, वेदनाशामक देऊनही तासाभरात घोडा पुन्हा लोळायला लागला, नाकातून घातलेल्या नळीतून लिटरच्या लिटर हिरवट पाणी उलटं आलं, की सर्जन अस्वस्थ होतो. मग पोटाखाली सुई टोचून आतलं पाणी काढतात. ते फिकट पिवळं आणि नितळ असेल तर थांबायला हरकत नाही. लालसर, गढूळ आलं तर आत कुठेतरी आतडं मरतं आहे. इथे एक विलक्षण प्रकार घडू शकतो. घोडा एकाएकी शांत होतो, लोळायचं थांबतो. मालक सुस्कारा टाकतो. कधी खरंच गाठ सुटलेली असते. पण कधी आतडं मेलेलं असतं किंवा जठर फुटलेलं असतं, आणि दुखायचं म्हणून जे दुखत होतं तेच आता उरलेलं नसतं. हिरड्या जांभळट झाल्या असतील तर त्या शांततेवर विश्वास ठेवायचा नाही.

थिएटरात जायचं ठरलं की घोड्याला मऊ भिंतींच्या खोलीत शिरेतून भूल देतात. तो पडतो. चारही पायांना पट्टे बांधून साखळीच्या यारीने उलटा उचलतात. घशातून श्वासनलिकेत बोटापेक्षा जाड नळी घातलेली असते. आडव्या कमानीवरून तरंगत येणारा उलटा घोडा, मान लोंबती, पाय आभाळाकडे. एवढ्या डौलाच्या जनावराला या अवस्थेत बघवत नाही. त्याला जाड गादीच्या टेबलावर उताणा ठेवतात, खुरांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवतात, पोटावरचे केस भादरतात. बेंबीपासून पुढे, पोटाच्या बरोबर मध्यरेषेवर फूटभर किंवा अधिक छेद. तिथे स्नायू नसतो, पांढरी चिवट पट्टी असते, म्हणून रक्त फार येत नाही.

पोट उघडताच बहुधा फुगलेली अंधनाल फुग्यासारखी बाहेर उसळते. तिच्यात सुई खुपसून वायू ओढून घेतात. मग सर्जन दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत आत घालतो. पुढचं काम डोळ्यांचं कमी, हातांचं जास्त. कुठे ताणलं आहे, कुठे दोरीसारखं घट्ट लागतं, कुठलं कुठे गेलं आहे, हे बोटांनीच वाचायचं. मोठं आतडं तुंबलेलं असेल तर ते उचलून शेजारच्या ताटासारख्या फळीवर ठेवतात, त्या अरुंद वळणापाशी बोटभर छेद देतात आणि नळीने कोमट पाणी सोडतात. हिरवट-तपकिरी चिखल बादल्या भरभरून बाहेर येतो. त्या वासाबद्दल न लिहिलेलं बरं. रिकामं झालेलं आतडं मग सोडवून, पीळ उलगडून जागेवर ठेवायचं. लहान आतड्याचं काम वेगळं. ते दोरखंड तपासावा तसं हातोहात सरकवत वीस मीटर बघत जायचं. गुलाबी ते जिवंत. जांभळं असेल तर थांबून बघायचं, रंग परत येतो का. काळं ते कापायचं आणि दोन धडधाकट टोकं जोडायची. किती कापायचं, हा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. जास्त कापलं तर पचन जन्माचं अधू, कमी कापलं तर आत सडणार.

बरं, सगळं यथास्थित शिवून झालं तरी संपलं नाही. घोड्याला जाग येताना जितकी भीती असते तितकी कापताना नसते. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. शुद्ध येताच त्याला कळतं ते एवढंच, की आपण आडवे पडलो आहोत, म्हणजे कोणीतरी आपल्याला खाणार. तो धडपडून उठतो, पाय अजून त्याच्या ताब्यात नसतात, आणि शिवलेल्या पोटाचा, वाचवलेल्या आतड्याचा घोडा पाय मोडून मरतो. म्हणून डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून बाहेरून आधार देतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात तर त्यासाठी पोहण्याचा तलाव आहे. डर्बीविजेता बार्बारो २००६ साली मोडक्या पायाच्या ऑपरेशननंतर तिथेच तराफ्यावर तरंगत शुद्धीवर आला होता.

त्यातून उभा राहिला, की पुढचे काही दिवस आतडं चालू होण्याची वाट. कान कुशीला लावून बसायचं. शस्त्रक्रियेनंतर आतडं संपावर गेलं तर पुन्हा नळी, पुन्हा लिटरच्या लिटर पाणी. रक्तात विष भिनून खुरांची सूज आली तर वेगळंच संकट. पहिली लीद पडते तेव्हा मोठमोठ्या रुग्णालयांत प्राध्यापकमंडळी तबेल्यात धावत जाऊन ती बघतात, आणि यात मला काही हसण्यासारखं वाटत नाही. नंतर महिनाभर बंद खोलीत, महिनाभर लहान कुंपणात, मग हळूहळू काम. चांगल्या रुग्णालयांत भुलेतून उभ्या राहिलेल्या दहा घोड्यांपैकी सात-आठ तरी घरी जातात. अमेरिकेतलं बिल दहा हजार डॉलरच्या आसपास आणि वर.

पैसा आणि वेळ दोन्ही हाताशी असले की काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणजे रेचल अलेक्झांड्रा. या घोडीने २००९ मध्ये केंटकी ओक्स २० लांबींहून जास्त फरकाने जिंकली, मग नरांना हरवून प्रीकनेस मारली. १९२४ नंतर मादीने ती शर्यत जिंकल्याची ही पहिली वेळ. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिला दुसरं शिंगरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ती अस्वस्थ दिसली. लेक्सिंग्टनचं घोड्यांचं मोठं रुग्णालय जवळच होतं. विताना आतड्याचा एक भाग चेचला गेला होता. तो काढला, पोटात संसर्ग झाला, काही आठवडे ती जगण्या-मरण्याच्या काठावर होती. वाचली. तिला पुन्हा गाभण ठेवली नाही. दाईघोडीच्या दुधावर वाढलेली तिची ती शिंगरी, रेचल्स व्हॅलेंटिना, २०१५ मध्ये सारटोगाला स्पिनअवे शर्यत जिंकली.

पण पैसा सगळं करतो असंही नाही. आयर्लंडच्या सेंट निकोलस ॲबी या घोड्याने कॉरोनेशन कप लागोपाठ तीनदा जिंकला होता. २०१३ च्या जुलैत पाय मोडला, तो जोडला. त्यातच पोटशूळ उठला, त्याचंही ऑपरेशन झालं, त्यातूनही तो उठला. जानेवारी २०१४ मध्ये आतड्याला पुन्हा फास बसला, आणि त्याला कायमचं निजवावं लागलं.

सर्जनमंडळींचा राग पत्करून सांगतो, घोड्यांची आतडी सर्वांत जास्त वाचवली ती सुरीने नव्हे, एका जंतनाशकाने. स्ट्रॉन्जिलस व्हल्गारिस नावाच्या कृमीच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत घर करतात, तिथे गुठळ्या होतात आणि आतड्याचा तुकडाच रक्तावाचून मरतो. एके काळी पोटशूळाचं हे मोठं कारण होतं. मग जपानच्या सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून वेगळा केलेला जिवाणू आला, त्यातून विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने आयव्हरमेक्टिन काढलं आणि ऐंशीच्या दशकात ते घोड्यांना मिळू लागलं. त्या दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं ते माणसांच्या रोगांसाठी. घोड्यांनी कोणाला पारितोषिक द्यायची पद्धत नाही.

आता आपल्याकडे या. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. लाखोंचे घोडे येतात, नाचतात, विकले जातात. समजा रात्री दहाला तिथे एका घोडीच्या आतड्याला पीळ पडला. पोट उघडून घोडा वाचवता येईल अशी यारी, टेबल, भूल आणि माणसं महाराष्ट्रात आहेत ती रेसकोर्स आणि पशुवैद्यक महाविद्यालयांच्या आसपास, मोजक्या ठिकाणी. मुंबई तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर. टेम्पो शोधा, घोडी चढवा, घाट उतरा. आतड्याकडे तीन-चार तास. हे गणित सुटत नाही, आणि माथेरानच्या, वरातीच्या, टांग्याच्या घोड्यासाठी तर पैशापाशीच अडतं. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या या राज्यात घोड्यांसाठी दोन-तीन विभागीय शल्यकेंद्रं आणि त्यांना जोडलेली वाहनं असायला हरकत नव्हती. घोड्यांच्या जत्रेला सरकारी उत्सवाचं रूप देता येतं, मग हे का नाही, असं कोणीतरी विचारायला हवं. मी विचारतो आहे.

तोवर घोडेवाल्यांच्या हातात काय आहे, ते सांगतो. चारा एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. चंदी थोडी थोडी, दिवसातून जास्त वेळा, आणि आधी गवत. थंडीत पाणी कोमट करून ठेवा, गार पाणी घोडा कमी पितो. रेताड जागी चारा जमिनीवर टाकू नका. वर्षातून एकदा दात दाखवा, लीद तपासून जंताचं औषध द्या. आणि पोट दुखायला लागलं तर तोंडातून काहीही ओतू नका. चांदणीच्या घशात आम्ही जे ओतलं त्यातलं थोडं फुप्फुसातही गेलं असणार. घोड्याला रात्रभर पळवू नका, हलकं चालवणं पुरे. वेदनेचं इंजेक्शन आपल्या मनाने देऊन सकाळची वाट बघू नका. चारा काढून घ्या, घड्याळ बघा, नाडी मोजा आणि डॉक्टरांना फोन लावा.

फोन लावण्याआधी एकदा तबेल्यात नजर टाका. शेवटची लीद कधी टाकली, ते डॉक्टर पहिलंच विचारतील.